हीथ्रो ते व्हिक्टोरिया कोचने: दोन बॅगांपर्यंत उत्तम, तिसरीला पंचाईत

दोन मोठ्या बॅगा घेऊन लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरणाऱ्यासाठी नॅशनल एक्सप्रेस कंपनीचा व्हिक्टोरियाला जाणारा कोच (म्हणजे लांब पल्ल्याची बस) चांगला आहे, पण सामान मुळात कोचच्या हिशोबाने भरलेलं असेल तरच. विमानाला एका बॅगेचे २३ किलो चालतात. कोचला २० किलोच्या दोन, आकार साधारण ७० × ४५ × ३० सेंटिमीटर, आणि सोबत एक लहान, मऊ हातपिशवी. म्हणजे घरच्या काट्यावर ‘बरोबर तेवीस’ म्हणून खूश होऊन बंद केलेली बॅग इथे तीन किलो जास्तच. २८ इंची बॅगही उंचीला जरा वरच जाते. कोचपाशी वजनकाटा घेऊन कुणी बसलेलं नसतं, हे खरं. पण ती बॅग डिकीत चढवायची ड्रायव्हरला असते, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालून उपयोग नाही.

खरी गोची केबिन ट्रॉलीची होते. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसणारी ५५ सेंटिमीटरची कडक ट्रॉली कोचच्या वरच्या रॅकमध्ये मावत नाही. तिथे जॅकेट आणि लॅपटॉपची सॅक जाते, बस. मग ट्रॉलीही डिकीत, म्हणजे तिसरा नग. जागा असली तर जादा पैसे भरून घेतात, पण सप्टेंबरात विद्यार्थ्यांची झुंबड असताना त्या ‘असली तर’वर विसंबू नका. केबिनसाठी ट्रॉलीऐवजी पाठीवरची सॅक घेतली की प्रश्न मिटतो. कुकर, मसाले, फराळाचे डबे मोठ्या बॅगेत. पासपोर्ट, औषधं, लॅपटॉप सॅकमध्ये आणि सॅक मांडीवर. मोठ्या बॅगेच्या मुठीला एखादी भडक रंगाची चिंधी बांधा, डिकीतून सगळ्या काळ्या बॅगा सारख्याच दिसतात.

तिकीट ऑनलाइन आणि आधी काढलेलं स्वस्त पडतं. पण विमान उतरल्यावर लगेचचा कोच धरायचा मोह टाळा. भारतीय पासपोर्टला ई-गेट (पासपोर्ट तपासणारं स्वयंचलित दार) चालत नाही, त्यामुळे इमिग्रेशनची रांग आहेच, आणि पुढे बॅगांचा पट्टा. उतरण्याच्या वेळेत दोन तास मिळवून कोच निवडा, किंवा वेळ बदलता येईल असं थोडं महाग तिकीट घ्या. चढायची जागा तिकिटावर नीट वाचा. टर्मिनल २ आणि ३ च्या मधोमध सेंट्रल बस स्टेशन आहे; तिथे लिफ्ट आणि भुयारी वाटेने पोचता येतं, सामान ढकलायची गाडी फुकट असते. ब्रिटिश एअरवेजने मुंबईहून येणारे टर्मिनल ५ ला उतरतात. तिकीट सेंट्रलचं असेल तर टर्मिनलांमधली ट्रेन फुकट आहे, पण बॅगा लिफ्टने खाली-वर करण्यात अर्धा तास सहज जातो.

प्रवास आरामाचा. सीटबेल्ट लावावाच लागतो, टॉयलेट गाडीतच आहे. वेळेची मात्र खात्री नाही: रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास, सकाळच्या गर्दीत हॅमरस्मिथच्या आसपास अडकलात तर दीड तासही.

कोच व्हिक्टोरिया कोच स्टेशनला थांबतो, आणि ते व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशन नव्हे. दोन्हींत बकिंगहॅम पॅलेस रोडने अर्धा किलोमीटरभर चाल आहे. चाळीस किलो ओढत, फुटपाथवरच्या गर्दीतून, बहुतेक वेळा पावसात. दहा मिनिटं म्हणतात ती मोकळ्या हातांची. व्हिक्टोरियाच्या ट्यूब (भुयारी रेल्वे) स्टेशनला लिफ्ट आहेत, पण पुढे ज्या स्टेशनवर उतरणार तिथे आहेत का, हे ट्यूबच्या नकाशावरच्या व्हीलचेअरच्या खुणेवरून आधीच बघून ठेवा. नसतील तर व्हिक्टोरियाहून टॅक्सी करा. हीथ्रोपासून केलेल्या टॅक्सीपेक्षा बरीच स्वस्त पडेल.

व्हिक्टोरिया, पिमलिको किंवा दक्षिण लंडनला जायचं असेल तर हा कोच घ्याच. पॅडिंग्टन, लिव्हरपूल स्ट्रीट, इलफर्डकडे जाणाऱ्यांनी हीथ्रोहूनच एलिझाबेथ लाईनची ट्रेन धरावी: भाडं जास्त, पण ट्रॅफिकची कटकट नाही. हॅरोला एसएल९ ही लाल बस थेट जाते, फक्त तिच्यात रोख पैसे चालत नाहीत आणि सामानाची जागा बेताचीच. तिघं-चौघं असाल तर मोठी टॅक्सी वाटून घेतलेली परवडते.

बर्मिंगहॅम, ब्रिस्टल किंवा ऑक्सफर्डला निघालेल्या विद्यार्थ्यांनी तर व्हिक्टोरियाच्या वाटेला जाऊच नये. त्या गावांचे कोच हीथ्रोवरूनच सुटतात, बॅगा एकदा डिकीत गेल्या की थेट तिथेच खाली येतात.