गालेत दे र्‍वा: चव उत्तम, फेव मात्र उघड्यावर

लियोनमधील आमच्या घराजवळच्या बेकरीतून यंदा जानेवारीत सहा जणांपुरती गालेत दे र्‍वा, म्हणजे तीन राजांच्या सणाला खातात ती बदामाच्या सारणाची पापुद्र्यांची भाजलेली मिठाई, आणली. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा हा सण 6 जानेवारीचा असला, तरी फ्रान्समध्ये तो बहुतेक घरी जानेवारीच्या पहिल्या रविवारी साजरा होतो आणि बेकऱ्यांत गालेत महिनाभर मिळते.

पदार्थाविषयी तक्रार नाही. लोण्यातल्या पापुद्र्यांचे आवरण खमंग भाजलेले होते, वरची नक्षी सुबक होती आणि आतले बदामाचे सारण बेताचे गोड होते. (सारणात अंडे असते, काही ठिकाणी रमही घालतात, म्हणून मुलांसाठी घेताना विचारलेले बरे. येथे रम नव्हती.)

मुलांना मात्र गालेत हवी असते ती आतल्या फेवसाठी. फेव म्हणजे मुळात वालासारखा एक दाणा; पूर्वी तोच सारणात दडवत, आता बहुधा चिनी मातीची, बोटाच्या पेराएवढी बाहुली असते. घरातील सर्वांत धाकट्याने टेबलाखाली बसायचे, वर कापणाऱ्याने "हा वाटा कोणाचा?" असे विचारायचे आणि खालून येईल त्या नावाला तो वाटा द्यायचा, ज्याच्या वाट्यात फेव निघेल, त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढतो. सुरीला लागू नये म्हणून फेव काठाजवळ खोचतात. येथे ती इतकी काठाशी होती की भाजताना तिचे टोक बाहेर आले, आमच्या थोरल्याने ते लगेच हेरले, आणि धाकटी टेबलाखालून "आजी!" म्हणून ओरडत असताना वर त्या तुकड्यावरून भांडण जुंपले.

सोबत मुलांसाठी दिलेले माहितीपत्रकही तोकडे वाटले. त्यात तीन राजे आणि मुकुट एवढेच आहे. अवचित येणाऱ्या गरजूसाठी एक वाटा राखून ठेवण्याची जुनी रीत, जी आमच्या आजीने दोन वाक्यांत समजावली असती, तिचा उल्लेखच नाही. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादातील गालेतमध्ये, प्रजासत्ताकात राजा नको म्हणून, फेव घालत नाहीत, ही गंमतही मुलांना आवडली असती.

दुकानातील बाईंच्या कानावर हे घातले, तेव्हा मागितल्यास फेव वेगळी देता येते, असे त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी गालेत येथूनच घेऊ, फेव वेगळी मागू आणि मुलांचा डोळा चुकवून ती खालच्या बाजूने मीच खोचीन.