एआर ओव्हरले काही महिने वापरल्यावर: खरी भानगड कोनाची

हे एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) ॲप कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर इमारतीचं 3D मॉडेल चढवतं. भिंतीवरचा मार्कर (छापलेल्या खुणेचा कागद) स्कॅन केला की फॉल्स सीलिंगमागचे डक्ट, पाइप, ट्रे टॅबलेटवर जागच्या जागी दिसतात. डेमोत तरी दिसतातच, कारण डेमोची खोली चार मीटरची असते. वीस मीटरच्या कॉरिडॉरमध्ये मात्र शेवटचा डक्ट बीममध्ये घुसतो आणि साइटवर सगळे ड्राफ्ट्समनला शिव्या घालतात.

मॉडेल बहुतेक वेळा बरोबर असतं. मार्कर 1 अंशाने तिरका बसला की 10 मीटरवर साडेसतरा सेंटिमीटरचा फरक पडतो, 20 मीटरवर 35. मार्करपाशी तपासाल तर सगळं चोख! आणि 1 अंश म्हणजे किती? 20 सेंटिमीटरच्या मार्करखाली एका कडेला गिलावा साडेतीन मिलिमीटर जाड, बस्स. एवढी शाळेतली भूमिती, पण मॅन्युअलमध्ये त्यावर एक ओळ नाही. वर्षाचं सबस्क्रिप्शन मात्र आगाऊ हवं.

एक स्टार देणार होतो. दोन मार्करांची जुळणी सेटिंगमध्ये सापडली आणि मत बदललं. ग्रिडलाइनवरून (नकाशातल्या कॉलमच्या आखणी-रेषांवरून) मापं घेऊन दोन कॉलमवर मार्कर लावा, अंतर किमान 10 मीटर. त्यात एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी 20 मीटरवर फरक दोनच सेंटिमीटर. एकाकडून दुसऱ्याकडे सावकाश चाला आणि कॅमेरा कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर रोखू नका. ट्रॅकिंगला धरायला कडा, डाग, स्विचबोर्ड असं काहीतरी लागतं. अंधार किंवा काच असेल तर मॉडेल सरकणारच.

मार्कर छापताना ‘फिट टु पेज’ बंद ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. छपाई 96 टक्क्यांवर आली तर 2 मीटरवरचा मार्कर ॲपला 2.08 मीटरवर वाटतो. चकचकीत लॅमिनेशन नको, दिव्याची तिरीप आली की स्कॅन होत नाही.

मॉडेल नुसतं थरथरत असेल तर सर्व्हेचे मोठाले कोऑर्डिनेट तसेच एक्सपोर्ट झालेत का बघा. ओरिजिनपासून (शून्य बिंदूपासून) 20 लाख मीटरवर 32 बिट फ्लोटची, म्हणजे दशांश आकडे साठवायच्या पद्धतीची, पायरी साडेबारा सेंटिमीटरची होते; त्याहून बारीक फरक त्यात मावत नाही. इमारतीच्याच एका कोपऱ्यावर ओरिजिन घ्या, थरथर जाते.

लायडारवाल्या (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) टॅबलेटसाठी जास्तीचे पैसे? पोच साधारण 5 मीटर, उपयोग मुख्यतः खऱ्या भिंतीआडचा भाग झाकायला. कोनाची चूक तो सुधारत नाही. ते पैसे चांगल्या लेझर मीटरवर घाला.

सीलिंग बंद करण्याआधी राहिलेला हँगर (पाइप टांगायचा आधार) किंवा विसरलेला स्लीव्ह (पाइप जायला ठेवलेली नळी) शोधायला ॲप झकास, तेवढ्यासाठी साडेतीन स्टार. स्लॅबला कोअर मारायची (गोल भोक पाडायची) खूण मात्र यावरून करू नका. तिथे टेप, ग्रिडलाइन आणि रिबार स्कॅनरच (काँक्रीटमधल्या सळ्या शोधणारं यंत्र).