वाळवंटातली निरीक्षण केंद्रं: कुणाच्या नोंदी कुठल्या कामाच्या

वाळवंटावर किंवा झुडपी, रखरखीत प्रदेशावर प्रबंध करायचा आहे. स्वतः तिथे पाच-दहा वर्षं तळ ठोकणं शक्य नाही. पण काही केंद्रांनी आपल्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत हे कळलेलं आहे. अशा वेळी बहुतेक जण, ज्या केंद्राच्या फायली सर्वांत जास्त, तिकडे वळतात. मीही तेच केलं होतं. आता कुणी विचारलं तर मी आधी उलटा प्रश्न टाकतो: तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला किती पावसाळे लागतील?

प्रश्न खोचक वाटतो, पण सगळी निवड त्यावरच ठरते. वाळवंटात काही घडतं ते रोज घडत नाही. तीन-चार वर्षं नुसती धूळ, मग कधीतरी मनासारखा पाऊस, आणि त्या आठवड्यांत बी रुजतं, उंदीर वाढतात, झुडूप चार पावलं पुढे सरकतं. त्यामुळे दर अर्ध्या तासाला नोंद टिपणारं पाच वर्षांचं यंत्र आणि हाताने काढलेला शंभर वर्षांचा नकाशा यांत ‘जास्त माहिती’ कुणाकडे, हे फायलींच्या आकारावरून सांगता येत नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं आहे. पोर्टल नावाच्या गावाजवळ 1977 मध्ये जेम्स ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 20 हेक्टरांत 24 तुकडे आखले, प्रत्येक 50 मीटर बाय 50 मीटर. प्रत्येक तुकड्याला बारीक जाळीचं कुंपण. सगळी गंमत त्या कुंपणाच्या भोकांत आहे. काही तुकड्यांची भोकं मोठी, त्यांतून सगळे उंदीर ये-जा करतात. काहींची जेमतेम दोन सेंटीमीटरची, म्हणजे छोटे उंदीर आत आणि अंगाने मोठा असलेला कांगारू उंदीर बाहेर. काहींना भोकंच नाहीत. दर महिन्याला अमावस्येच्या आसपास प्रत्येक तुकड्यात 49 पिंजरे लागतात. अमावस्याच का, तर चांदण्यात कांगारू उंदीर उघड्यावर यायला बिचकतात.

बारा वर्षांनी, 1990 मध्ये, निष्कर्ष छापून आला: कांगारू उंदीर काढून टाकलेल्या तुकड्यांत झुडपी वाळवंटाच्या जागी गवताळ रान होऊ लागलं होतं. मोठ्या बिया वेचून खाणारा आणि माती उकरणारा प्राणी गेला की जमीन एवढी बदलते. तोवर छोट्या उंदरांनी त्याची रिकामी जागा भरून काढलीच नव्हती. दहा वर्षांच्या आकड्यांवर कुणी लिहिलं असतं तर ‘ही जागा कुणीच भरत नाही’ असं छातीठोकपणे लिहिलं असतं. मग 1990 च्या दशकाच्या मध्यावर बेलीचा पॉकेट माऊस ही जात बाहेरून तिथे आली, नेमकी त्याच तुकड्यांत फोफावली आणि कांगारू उंदरांच्या वाटणीचं बरंचसं खाणं तिने आपल्याकडे वळवलं. प्रयोग सुरू होऊन तेव्हा जवळपास दोन दशकं उलटली होती.

म्हणून प्रश्न प्राण्यांच्या परस्परसंबंधांचा असेल तर मी पोर्टलच सांगतो. फायली नीट लावलेल्या, संकेतांक समजावून दिलेले, वापरायला कसलीही अट नाही. आकडेवारी हाताळायला शिकवणाऱ्या कितीतरी कार्यशाळांत हाच संच वापरतात. एक धोका मात्र मी स्वतः अनुभवला आहे. माझ्या पहिल्या आलेखात एका महिन्यात सगळे उंदीर गायब झाले आणि पुढच्या महिन्यात परत उगवले. मी त्यावर दोन परिच्छेदही लिहून ठेवले होते! खरं कारण एवढंच की त्या वेळी काही तुकड्यांत पिंजरे लागलेच नव्हते. ‘एकही सापडला नाही’ आणि ‘शोधलंच नाही’ यांतला फरक सांगणारी यादी वेगळ्या फायलीत असते, आणि ती मी उघडलीच नव्हती. ती आधी जोडा. दुसरं असं की 2015 मध्ये बऱ्याच तुकड्यांत कोणते उंदीर येऊ द्यायचे, हेच बदललं. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच गटात टाकाल तर फसाल.

पोर्टलची मर्यादाही उघड आहे. जागा एकच, तीही लहान. तिथे जे दिसलं ते पन्नास किलोमीटरवर दिसेलच असं नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला नियॉन. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशांवर चालणारं हे निरीक्षण जाळं 81 ठिकाणी पसरलं आहे, त्यांपैकी 47 जमिनीवरची आणि बाकी पाण्यातली. 2019 पासून ते पूर्ण क्षमतेने चालू आहे आणि आराखडा 30 वर्षांचा आहे. रखरखीत प्रदेशातली त्याची चार ठिकाणं आपल्या कामाची: न्यू मेक्सिकोतलं होर्नाडा, ॲरिझोनातलं सांता रिटा, आणि युटातली मोआब व ओनाकी. नियॉनचं बळ पद्धतीच्या सारखेपणात आहे. चारही ठिकाणी तोच मनोरा, मातीत तेच संवेदक, भुंग्यांसाठी त्याच पद्धतीचे जमिनीत पुरलेले सापळे, आणि वरून विमानाने तेच सर्वेक्षण. चार वाळवंटं एकमेकांशेजारी ठेवून पाहायची असतील तर दुसरा इतका सोपा मार्ग मला माहीत नाही.

पण नोंदी अजून कोवळ्या आहेत. त्यात 2020 मध्ये महासाथीमुळे प्रत्यक्ष जाऊन करायची कामं काही काळ थांबली, त्यामुळे मध्ये खिंडार आहे. विमान-सर्वेक्षणाच्या चित्रांचा ठिपका बहुतेक संचांत 1 मीटरचा असतो. जंगलात हे भरपूर झालं, पण वाळवंटातलं कित्येक झुडूप जेमतेम तेवढंच पसरतं, म्हणजे एका ठिपक्यात अर्धं झुडूप आणि अर्धी उघडी माती. जमीन आणि हवा यांच्यातल्या कार्बनच्या देवाणघेवाणीचे जे आकडे मनोऱ्यावर मिळतात, त्यांचंही तसंच: वाळवंटाचा श्वासच इतका मंद की वर्षातले बरेच दिवस खरा बदल आणि यंत्राची थरथर यांत फरक करणं जड जातं. जंगलाचा अनुभव घेऊन आलेले लोक इथे हमखास अडखळतात.

आता एक गोष्ट, जी केंद्रांच्या याद्या चाळताना पटकन ध्यानात येत नाही. नियॉनचे होर्नाडा आणि सांता रिटा इथले मनोरे कोऱ्या जमिनीवर उभे नाहीत. दोन्ही जागा शंभर वर्षांहून जुन्या चराई-संशोधन क्षेत्रांच्या आत आहेत. जुनी वही आणि नवं यंत्र एकाच मातीवर. प्रबंधाचा विषय अजून पक्का नसेल तर मी आधी या दोघांतच निवड करायला सांगेन.

होर्नाडा 1912 मध्ये सुरू झालं, चिवावा वाळवंटाच्या उत्तर भागात, लास क्रूसेस शहराच्या उत्तरेला. क्षेत्र सुमारे 78,000 हेक्टर, वार्षिक पाऊस साधारण 250 मिलिमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त जुलै ते सप्टेंबरमध्ये. इथली कहाणी गवत हरल्याची आहे. एकेकाळी ब्लॅक ग्रामा गवताची कुरणं होती, तिथे आज मेस्किट आणि क्रियोसोट बुश ही झुडपं आहेत. मेस्किट म्हणजे मराठीत जिला वेडी बाभूळ म्हणतात तिची जवळची नातेवाईक, स्वभावानेही तशीच. गवत गेलं की उघडी माती वाऱ्याने उडते, मेस्किटच्या बुंध्याशी साचते, तिथे टेकाड होतं, पाणी आणि पोषणद्रव्यंही तिथेच गोळा होतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत पुन्हा गवत रुजणं आणखी अवघड होतं. विल्यम श्लेसिंजर आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये वाळवंटीकरणाचं हे चक्र मांडलं ते याच जमिनीच्या अभ्यासावरून.

तिथल्या जुन्या नोंदींचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. 1915 पासून इथे एक मीटर बाय एक मीटरच्या कायमच्या चौकटी आखल्या गेल्या. माणूस चौकटीपाशी गुडघ्यावर बसे आणि पँटोग्राफ नावाच्या सांध्याच्या दांड्याने गवताच्या प्रत्येक थोंबाची कड कागदावर उतरवून घेई. पुढच्या खेपेला पुन्हा तीच चौकट. हे कागद आता संगणकावर आले आहेत, म्हणजे गवताचा एखादा थोंब कोणत्या दुष्काळात आक्रसला आणि कधी संपला, हे तुम्ही घरबसल्या पाहू शकता. शिवाय 1989 पासून पाच प्रकारच्या परिसरांत प्रत्येकी तीन अशा 15 जागांवर वर्षातून तीनदा वनस्पतींची वाढ मोजली जाते. माझ्या मते वाळवंटी वनस्पतींच्या उत्पादनावर काम करायला याहून चांगला पाया शोधून सापडणार नाही.

सांता रिटा त्याहून जुनं, 1903 पासूनचं, टूसॉनच्या दक्षिणेला, सुमारे 21,000 हेक्टर. तिथला फायदा चढाचा. डोंगराच्या पायथ्याकडे चढत जाणारी जमीन असल्याने खालच्या बाजूला पाऊस कमी आणि वर बराच जास्त, म्हणजे एकाच कुंपणात तुम्हाला पावसाची उतरंड मिळते. शिवाय 1902 पासूनची, त्याच जागी उभं राहून पुन्हा पुन्हा काढलेली छायाचित्रं आहेत. नकाशे न वाचणाऱ्या माणसालाही ती सगळं सांगतात: आधी मोकळं कुरण, मग तुरळक मेस्किट, मग झाडीच झाडी. घोळ एकच, दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं लेहमन लव्हग्रास. चाऱ्यासाठी, माती धरून ठेवण्यासाठी आणलं आणि त्याने मूळच्या गवतांना बाजूला सारलं. त्यामुळे सांता रिटाचे ‘गवत वाढलं’ असे आकडे दिसले की आधी विचारा, कोणतं गवत? स्थानिक गवतांविषयीच लिहायचं असेल तर होर्नाडा बरं. उपऱ्या जातींवर लिहायचं असेल तर सांता रिटासारखी जागा नाही.

युटातली दोन ठिकाणं थंड वाळवंटातली आहेत, हिवाळ्यात बर्फ पडणारी. ओनाकीला सेजब्रशची झुडपं आणि त्यांच्यात घुसलेलं चीटग्रास: लवकर वाळणारं, लवकर पेटणारं. आगीनंतर सेजब्रशला परत यायला वर्षानुवर्षं लागतात, चीटग्रास पुढच्याच हंगामाला हजर. आग हा विषय असेल तर ओनाकी. एरवी नवख्या माणसाला मी तिकडे पाठवणार नाही.

मोआबकडे लोक लाल खडकांमुळे बघतात, पण खरी गोष्ट पायाखाली आहे. झुडपांमधल्या मोकळ्या जमिनीवर नीलहरित जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांची मिळून एक काळसर, खडबडीत खपली असते. ती माती धरून ठेवते आणि हवेतला नायट्रोजनही जमिनीत आणते. बुटाचा एक ठसा ती मोडायला पुरे, भरून यायला मात्र वर्षं, कधी दशकं लागतात. मोआब ज्या कोलोरॅडो पठारावर आहे, तिथेच केलेल्या एका प्रयोगाचा निकाल 2012 मध्ये आला. उन्हाळ्यात 1.2 मिलिमीटरच्या छोट्या सरी वरचेवर पाडल्या, तर तिथलं शेवाळ झपाट्याने मेलं. पाऊस वाढवला आणि शेवाळ मेलं, हे ऐकायला उलटं वाटतं. कारण असं की एवढ्या पाण्याने शेवाळ जागं होतं, श्वसनात साठा खर्च करतं, आणि तो भरून काढण्याआधी पुन्हा वाळतं. मातीच्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्याने मोआबचे नियॉनचे आकडे या प्रयोगाच्या शेजारी ठेवून वाचावेत. नुसते महिन्याच्या एकूण पावसाचे आकडे घेतलेत तर ही गोष्ट हाती लागणारच नाही. सरी मोजाव्या लागतील.

अमेरिकेबाहेरची दोन नावं. नामिबियातलं गोबाबेब 1962 मध्ये चार्ल्स कोख या कीटकशास्त्रज्ञाने उभं केलं, वाळूचा समुद्र, खडीचं मैदान आणि बहुतेक काळ कोरडं असणारं कुइसेब नदीचं पात्र जिथे एकमेकांना भेटतात तिथे. वर्षाचा पाऊस सरासरी 25 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे होर्नाडाच्या एक दशांश. तिथे पावसाच्या आलेखाला फारसा अर्थ नाही, जगणं धुक्यावर चालतं. ओनिमॅक्रिस जातीचा एक भुंगा पहाटे टेकाडाच्या माथ्यावर डोकं खाली करून उभा राहतो, अंगावर धुकं जमतं आणि थेंब ओघळत तोंडाशी येतात. धुकं, भुंगे किंवा उपग्रहाने मोजलेल्या तापमानाची जमिनीवर पडताळणी असा विषय असेल तर गोबाबेबच. पण ‘वाळवंट’ हा एकच शब्द आहे म्हणून तिथले आकडे होर्नाडाशी जोडू नका. प्रत्यक्ष जाऊन काम करायचं तर संशोधन परवान्यासाठी बराच वेळ हाताशी ठेवा.

दुसरं, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कूनामोर. ॲडलेड विद्यापीठाने 1925 मध्ये मेंढ्यांनी ओरबाडलेल्या झुडपी रानाचा एक तुकडा कुंपणात घेतला आणि तेव्हापासून तिथे चौकटी व छायाचित्रांच्या जागा जपल्या. चराई थांबली की काय होतं, याचं उत्तर इथे मिळेल असं वाटतं. पण मेंढ्या बाहेर गेल्या तरी ससे आतच होते, आणि त्यांचा नीट बंदोबस्त व्हायला 1970 चं दशक उजाडलं. तोवरच्या नोंदींना ‘चराईमुक्त’ म्हणणं चूक आहे. कुंपण कुणासाठी होतं, हा प्रश्न पोर्टलइतकाच इथेही लागू.

हातात दोन वर्षं आणि एक संगणक एवढंच असेल तर माझा क्रम असा: प्राणी असतील तर पोर्टल, गवत-झुडपांची झटापट असेल तर होर्नाडा, पावसाची उतरंड किंवा उपरी गवतं असतील तर सांता रिटा. नियॉन मी एकटं घेणार नाही, या शेवटच्या दोघांच्या जोडीला घेईन. आणि कुठलंही केंद्र ठरलं तरी पहिला आठवडा आलेख काढू नका. त्या केंद्राची नोंदवही वाचा: पिंजरे कधी लागले नाहीत, पद्धत कधी बदलली, कुठली चौकट गाडीखाली चिरडली गेली.