लॅटरलच्या जाडीसाठी नियंत्रण आलेख: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात ठिबकच्या 16 मिमी लॅटरलचे, म्हणजे शेतात पाणी पोचवणाऱ्या प्लॅस्टिक नळीचे, उत्पादन होते आणि तेथील गुणवत्तेचे काम मी पाहतो. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत आम्ही वेगवेगळे नियंत्रण आलेख वापरले; यात मापांचे ठिपके क्रमाने मांडतात आणि ठिपका ठरलेल्या सीमांबाहेर गेला की काहीतरी बिघडले असे समजतात. त्यांतील पहिला निवडताना झालेल्या चुकीबद्दल येथे जास्त लिहितो, कारण ती चूक आलेखावर चूक म्हणून दिसत नाही. उलट आलेख फार देखणा दिसतो.

सुरुवात सर्वांप्रमाणे एक्स-बार (गटाची सरासरी) आणि आर (गटातील विस्तार, म्हणजे सर्वांत मोठ्या व लहान मापातील फरक) या आलेखांच्या जोडीने केली. दर तासाला नळीचा एक तुकडा कापायचा, परिघावर चार ठिकाणी भिंतीची जाडी मोजायची आणि त्या चार मापांचा एक गट धरायचा. सरासरी जाडी 1.10 मिमी आणि गटातील सरासरी विस्तार 0.12 मिमी निघाला; चारच्या गटासाठी गुणक 0.729 असल्याने सीमा 1.01 आणि 1.19 अशा आल्या. दोन महिने एकही ठिपका बाहेर गेला नाही, सगळे मधल्या रेषेला चिकटून राहिले. मालक समाधानी होते, मीही होतो. जानेवारीत प्लॅस्टिक दाण्याचा (कच्च्या मालाचा) हिशेब लावला तेव्हा मात्र प्रति मीटर वजन कित्येक दिवस चढे राहिल्याचे लक्षात आले, आणि त्या दिवसांचा आलेख पूर्ण शांत होता.

वॉल्टर शुहार्ट यांनी 1924 मध्ये मांडलेल्या नियंत्रण आलेखाच्या कल्पनेत सीमा गटाच्या आतील फरकावरून ठरतात. त्यामुळे गटाच्या आत केवळ यंत्राचा त्या वेळचा स्वाभाविक चढउतार असावा, हे गृहीत असते. आमच्या गटात परिघावरचा फरक होता, म्हणजे नळीला बाहेरून आकार देणारी डाय आणि आतली पोकळी ठेवणारा मॅन्ड्रेल एका मध्यावर आहेत की नाहीत याची माहिती होती. डाय किंचित सरकलेली असल्याने तो फरक मोठा होता, सीमा रुंद झाल्या आणि तासातासाचा खरा बदल त्यांच्या आत बुडून गेला. सलग 15 ठिपके मध्यरेषेपासून एका सिग्माच्या (मध्यरेषा ते सीमा या अंतराच्या एक तृतीयांशाच्या) आत राहिले तर ती शंकेची खूण समजावी, असा लॉइड नेल्सन यांच्या 1984 च्या नियमांत एक नियम आहे. तो मी वाचलेला होता, पण चांगल्या बातमीची शंका घेणे जड जाते.

फेब्रुवारीपासून चार मापांची सरासरी हे एकच माप धरून वैयक्तिक मापे आणि चलविस्तार (लागोपाठच्या दोन मापांतील फरक) यांचा आलेख सुरू केला आणि परिघावरील सर्वांत जाड व सर्वांत पातळ जागेतील फरक वेगळ्या आलेखावर ठेवला. सरासरी चलविस्तार 0.018 मिमी, त्याच्या 2.66 पट म्हणजे सुमारे 0.048, सीमा 1.05 ते 1.15 अशा आवळल्या. इतक्या बारीक फरकासाठी 0.02 मिमीचा व्हर्नियर निरुपयोगी होता, म्हणून आधी मायक्रोमीटर घ्यावा लागला. पहिल्याच आठवड्यात ऑपरेटरची हाक आली, "भाऊ, ठिपका बाहेर गया." नळी ओढून घेणाऱ्या हॉल-ऑफ यंत्राचा पट्टा घसरत होता.

या आलेखाचाही एक दोष आहे. अर्ध्या तासाने मापे घेतली तेव्हा शेजारची मापे एकमेकांसारखीच येऊ लागली, चलविस्तार अवाजवी लहान झाला आणि खोट्या इशाऱ्यांनी शिफ्ट वैतागली. आम्ही पुन्हा तासावर गेलो, नंतर दोन तासांवर, तेव्हा कटकट थांबली.

एप्रिल-मे हा आमच्या मालाचा हंगाम, कारण बागायती कापूस आणि मृग बागेची केळी यांची तयारी तेव्हाच चालते. या दिवसांत वितळलेला माल गाळणारी जाळी हळूहळू चोक होते, उत्पादन घटते आणि भिंत रोज थोडी पातळ होत जाते. असा संथ सरक वैयक्तिक मापांच्या आलेखाला उशिरा कळतो: एका सिग्माचा बदल पकडायला त्याला सरासरीने सुमारे 44 ठिपके लागतात, तर 0.2 वजनाच्या ईडब्ल्यूएमए आलेखाला (ताज्या मापाला जास्त आणि जुन्या मापांना कमी कमी वजन देऊन काढलेल्या सरासरीचा आलेख) दहा-अकरा. जाळी बदलण्याची वेळ आता ईडब्ल्यूएमए आलेखावरूनच ठरते. एकदम बसणाऱ्या धक्क्यासाठी वैयक्तिक मापांचा आलेख मी बंद केलेला नाही; दोन्ही एकाच कागदावर आहेत.

दाबचाचणीत सापडणाऱ्या छिद्रांसाठी यू आलेख (ठरावीक लांबीमागे किती दोष ते दाखवणारा) घेतला, कारण आमची बंडले कमीजास्त लांबीची असतात. लांबी सारखी असती तर नुसती दोषांची संख्या मांडणारा सी आलेख पुरला असता.

मे महिन्यात चलविस्ताराच्या आलेखावर रात्रपाळीचे पाच ठिपके सलग शून्यावर आले. चालत्या यंत्रावर पाच वेळा काटेकोर तेच माप येणे मला पटले नाही, पण मी कोणाला काही विचारले नाही. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहून तो सकाळपर्यंत ट्रेमध्ये ठेवावा, एवढाच नियम केला. तेव्हापासून रात्रीचे ठिपकेही दिवसाइतकेच वर-खाली होतात.