पुसलेल्या व्हॉल्व्हवर नवे नाव: ईएल८४ च्या संचात झालेली फसवणूक

परभणीच्या एका हौशी माणसाने व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) वापरून ॲम्प्लिफायर बांधण्यासाठी ऑनलाइन संच मागवला. वर्णन असे होते: दोन ईएल८४ (स्पीकर चालवणारे व्हॉल्व्ह) 'मॅच्ड पेअर (सारख्या मापांची जोडी), न वापरलेले', एक ईसीसी८३ (आवाज आधी वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह), २५०-०-२५० चा (मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना २५० व्होल्ट देणारा) पॉवर ट्रान्सफॉर्मर, दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधले), ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे चार कपॅसिटर. 'जुन्या रेडिओच्या दुकानातला शिल्लक माल' म्हणून किंमत १४,५०० रुपये, तीही सगळी आगाऊ. पार्सल आले, डब्याला वजन होते, व्हॉल्व्ह चकचकीत होते. जोडणी पूर्ण झाल्यावर स्पीकरमधून नुसती बारीक गुणगुण आली आणि दहा मिनिटांत एका कपॅसिटरचे टोपण फुगून आतला रस बाहेर आला. 'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' म्हणतात, तोच हा प्रकार. या संचात जवळजवळ प्रत्येक वस्तू वेगळ्या तऱ्हेने खोटी होती, आणि बहुतेकींचा खोटेपणा शंभर व्होल्टही न लावता घरच्या मल्टिमीटरने किंवा नीट पाहून पकडता आला असता. म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी व्हॉल्व्ह. ईएल८४ चे फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर घेते. व्हॉल्व्हच्या युरोपीय नावातले पहिले अक्षर फिलामेंटचेच असते: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरची सिरीज साखळी, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची. पी-वाले व्हॉल्व्ह जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीतले. त्यांना आज गिऱ्हाईक नाही, म्हणून ते भंगारात मिळतात. छपाई पुसून त्यावर 'ईएल८४' छापले की झाले. या संचातले दोन्ही व्हॉल्व्ह पीएल८४ निघाले, म्हणजे १५ व्होल्ट फिलामेंटचे. ६.३ व्होल्टवर ते जेमतेम तांबूस दिसतात आणि करंट जवळजवळ देत नाहीत. कॅथोडला (फिलामेंटने तापून करंट सोडणाऱ्या भागाला) १३५ ओहमच्या रेझिस्टरवर सव्वासात व्होल्टच्या आसपास यायला हवे होते, तिथे अर्धा व्होल्टही नव्हता.

ओळखायची रीत सोपी आहे. थंड व्हॉल्व्हच्या ४ आणि ५ नंबरच्या, म्हणजे फिलामेंटच्या, पिनांमध्ये ओहम मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम वजा करा. खरा ईएल८४ सव्वा ओहमच्या आसपास दाखवतो, पीएल८४ सात-आठ ओहम. ईसीएल८२ म्हणून पीसीएल८२ खपवलेला असेल तर तोही याच मापात सापडतो.

विकणाऱ्याला फोन केल्यावर उत्तर आले, 'फिलामेंटला पंधरा व्होल्ट द्या, चालेल.' हे ऐकू नका. आकडा ८४ असला तरी पीएल८४ हा ईएल८४ चा भाऊ नाही, तो ईएल८६ चा. पिना सारख्या, पण स्क्रीनची (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीची) मर्यादा २०० व्होल्ट. ईएल८४ च्या सर्किटमध्ये स्क्रीनला २५० व्होल्ट मिळतात, तिथे तो फार दिवस टिकणार नाही.

छपाईवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या युरोपीय व्हॉल्व्हची अस्सल शाईसुद्धा अंगठ्याने पुसली जाते, त्यामुळे अक्षरे फिकट असणे किंवा ठळक असणे काहीच सिद्ध करत नाही. फिलिप्सच्या गटातल्या कारखान्यांचा कोड मात्र काचेवर खालच्या बाजूला राखाडी, कोरल्यासारखा उमटलेला असतो. तो सहज जात नाही. त्याचा जवळून फोटो मागा. वरचा चंदेरी आरसा, म्हणजे गेटर, पांढरा पडला असेल तर आत हवा गेली आहे, तो व्हॉल्व्ह संपला. चालू असताना काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळी झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी आहे. प्लेटच्या (मधल्या धातूच्या आवरणाच्या) आत गुलाबी-जांभळा धूसर उजेड दिसला तर गॅस आहे, लगेच बंद करा.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. खरी लूट इथे आहे, कारण चांगला ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हपेक्षा महाग पडतो आणि आत काय आहे ते दिसत नाही. या संचात दोन्ही डांबर ओतलेल्या डब्यांत होते. डांबराने वजन वाढते आणि कोअर झाकला जातो. वर '५.२ के / ८ ओहम' असा स्टिकर. त्या हिशोबाने फेऱ्यांचे गुणोत्तर २५.५ हवे. प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगला) लहान ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी दिल्यावर सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) ०.४७ व्होल्ट यायला हवे. आले ०.६३, म्हणजे गुणोत्तर १९. ते २३० ते १२ व्होल्टच्या साध्या मेन्स ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर आहे. ८ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला ५.२ ऐवजी २.९ किलोओहम दिसतात.

याहून वाईट गोष्ट डांबर काढल्यावर कळली. सिंगल एंडेड (प्रत्येक स्पीकरला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेल्या) ॲम्प्लिफायरमध्ये प्रायमरीतून सतत ५० मिलिअँपिअरच्या आसपास डीसी वाहतो. म्हणून कोअरमध्ये ई पट्ट्या सगळ्या एका बाजूला, आय पट्ट्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची फट लागते. मेन्स ट्रान्सफॉर्मरमध्ये पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरलेल्या असतात, फट नसते. डीसीने असा कोअर तुंबतो, आणि तबला ऐकताना डग्ग्याची घुमक पूर्ण नाहीशी होते. म्हणून बंद डब्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर अनोळखी माणसाकडून घेऊच नये. उघड्या कोअरचा, बाजूने काढलेला फोटो मागावा.

पॉवर ट्रान्सफॉर्मर '१०० मिलिअँपिअर' होता, पण वाइंडिंग ॲल्युमिनिअमचे. त्याच जाडीच्या तारेला तांब्यापेक्षा सुमारे १.६ पट रोध. आपल्याकडे पंपाच्या मोटारींमुळे तालुक्या-तालुक्यात मोटार वाइंडिंगची दुकाने आहेत. तिथल्या माणसाला तार दाखवा. तो इनॅमल खरवडून क्षणात सांगेल: आत लाल म्हणजे तांबे, पांढरी म्हणजे ॲल्युमिनिअम, आणि ॲल्युमिनिअमला नेहमीच्या कथलाचा डागही धरत नाही. करंटची परीक्षा बल्बने होते. २५० च्या एका बाजूला फिलामेंटचा २५ वॅटचा बल्ब लावला की साधारण ११० मिलिअँपिअर घेतो. तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावून ठेवता आला पाहिजे, आणि व्होल्टेज रिकाम्यापेक्षा फार खाली नको.

कपॅसिटर का फुटला याची साखळी समजून घ्या. व्हॉल्व्ह करंट घेत नव्हते, म्हणून एचटीवर (व्हॉल्व्हना मिळणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजवर) भारच नव्हता. २५० व्होल्ट एसीचे शिखर ३५३ व्होल्ट. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचे दहा टक्के वर. त्यात शेतीचे पंप बंद झाल्यावर गावाकडे लाइट २५५ पर्यंत चढते. सगळे मिळून ४३० व्होल्टच्या आसपास. खरा ४५० चा कपॅसिटर तगला असता. इथे बाहेरचे प्लॅस्टिक सोलल्यावर खाली जुने प्लॅस्टिक आणि त्यावर '३५०' छापलेले होते. फुगीर, दुहेरी किंवा सैल आवरण दिसले तर कपॅसिटर लावूच नका.

विकणाऱ्याचे शेवटचे उत्तर होते, 'तुमच्या मराठवाड्यात व्होल्टेजच धड नाही, माल कशाला दोषी?' हे उत्तर पुष्कळांना गप्प करते, कारण ते अर्धे खरे आहे. २५५ वर ६.३ चे ७ व्होल्ट होतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर, आणि त्याने व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. पण व्होल्टेजमुळे ईएल८४ चा पीएल८४ होत नाही आणि कोअरमधली फट नाहीशी होत नाही. म्हणून मापे घेताना प्रत्येक फोटोत मेन्सचे व्होल्टेज दाखवणारा दुसरा मीटर ठेवा. मग हे कारण पुढे करता येत नाही.

पैसे देण्याआधी तीन गोष्टींचा सलग व्हिडिओ मागा: ४-५ पिनांचे ओहम, १२ व्होल्टवरचे गुणोत्तर, कोअरची बाजू. 'मीटर नाही' म्हणणाऱ्याकडून व्हॉल्व्ह घेऊ नका. पार्सल न थांबवता चित्रित करत उघडा. फसलात तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक द्या. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि कोणताही नवा संच पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये फिलामेंटचा ६० वॅटचा बल्ब सिरीजला ठेवा. एचटी कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायम जोडलेला असू द्या, आणि बंद केल्यावर हात घालण्याआधी मीटरने शून्य आलेले पाहा. या संचातले ईसीसी८३ आणि चेसिस (सगळे भाग बसवायचा धातूचा सांगाडा) तेवढे खरे होते. त्यांवर आता नवे ईएल८४ आणि वाइंडिंगवाल्याकडून समोर बसून, कागदाची फट घालून भरून घेतलेले ट्रान्सफॉर्मर बसले आहेत. कॅथोडला ७.२ व्होल्ट येतात.