आयपी आपोआप वाटनारा स्विच घेतला, चार महिन्याचा अनुभव

आमचा कम्प्युटर क्लास दारव्ह्याकडं. वीस मशीन, दोन प्रिंटर आन् बाजूच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. इतके दिवस आयपी, म्हणजे नेटवर्कमंदला मशीनचा नंबर, हातानं टाकत होतो, वहीत लिहून, मंग ती वही एका पोट्ट्यानं रफ कामाले फाडली तवा म्हटलं बस झालं. आयपी वाटायचं काम राऊटरबी करते, पण आमच्या जुन्या राऊटरमंदी प्रिंटरचा आयपी बांधून ठेवायची सोयच नव्हती, म्हणून डीएचसीपीवाला (म्हणजे आयपी आपोआप वाटनारा) २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, म्हणजे सगळ्या मशीन केबलनं जोडायचा अन् सेटिंग बदलता येनारा डब्बा, मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही, पुढं थोडं रडगाणं हाये.

सेटिंग तशी सोपी. ब्राउझरमंदी स्विचचं पान उघडायचं, पूल, म्हणजे वाटायच्या आयपीचा साठा, बनवायचा, आम्ही १९२.१६८.०.१०० ते १५० दिला. गेटवेमंदी, म्हणजे नेटकडं जायची वाट, राऊटरचा आयपी टाकायचा, तो मी इसरलो, तर सगळ्यायले आयपी भेटला अन् नेट कोणालेच नाही! डीएनएसले (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देते ते) ८.८.८.८ टाकलं. प्रिंटरचे मॅक ॲड्रेस (कंपनीनं मशीनले दिलेला नंबर) देऊन त्यायचे आयपी पक्के केले, तवापासून "सर प्रिंट निघत नाही" ऐकू येत नाही, पैसे तिथंच वसूल.

एक ध्यानात ठेवा राजेहो, राऊटरमंदला डीएचसीपी बंद करा. मी केला नव्हता, दोघंबी आयपी वाटत बसले अन् दोन मशीनले एकच नंबर, कॉन्फ्लिक्टचा मेसेज. अर्धा दिवस केबल बदलत बसलो मी येड्यावानी.

मंग पोट्ट्यायले वायफाय दिलं. लीज, म्हणजे एकाले दिलेला आयपी त्याच्याकडं राहायची मुदत, होती २४ तासाची, म्हणजे सकाळच्या बॅचचा मोबाईल घरी गेला तरी त्याचा आयपी दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून, पूलमंदी सारे ५१. दुपारच्या बॅचले मशीनवर १६९.२५४ पासून सुरू होणारा आयपी दिसे, म्हणजे त्याले कोणी आयपी दिलाच नाही समजायचं. लीज दोन तासावर आणली, मिटलं.

आता राग. अप्लाय दाबलं का सेटिंग चालू होते, पण सेव्ह होत नाही, त्याचं बटन वेगळ्याच मेनूत लपवून ठेवलं हाये. आमच्याकडं लाईन जायले काय लागते, संध्याकाळी गेली अन् सकाळी पाहतो तर स्विच जसा डब्यातून काढला तसा! सगळं पहिल्यापासून. एवढ्या पैशात एक लाल अक्षरातली सूचना तरी द्यायची होती ना बावा. माहितीपुस्तकात एक ओळ हाये त्याची, इंग्रजीत, शेवटून दुसऱ्या पानावर.

पाच-सहा मशीन असतील तर घेऊ नका, राऊटरवरच भागते. वीसच्या वर असतील तर घ्या. पाचपैकी साडेतीन देतो, अर्धा स्टार त्या सेव्हच्या बटनापायी कापला. पंखा नाही म्हणून आवाज शून्य, पण अंग तापते त्याचं, आता मे महिन्यात टिनाच्या खोलीत कसा राहते ते पाहून इथंच लिहीन.