बकरी ईदसाठी घेतलेला १०० लिटरचा डीप फ्रीझर

फ्रीझरच्या झाकणाला कुलूप आहे. ते बघून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मटणाला कुलूप कशाला गो?" हसले, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. एका वर्षी मदिनेत गरजू लोक आले म्हणून पैगंबरांनी कुर्बानीचं मटण तीन दिवसांपुढे ठेवायला मनाई केली होती आणि पुढच्या वर्षी खा, खाऊ घाला, साठवा म्हणून मोकळीक दिली, हे सासूबाईंनीच आम्हाला शिकवलेलं.

आम्ही चिपळूणचे. जुना फ्रिज २०२१च्या जुलैतल्या पुरात गेला. नंतर घेतलेल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा दोन बकऱ्यांना कसला पुरतो! मग २०२५च्या ईदआधी १५ हजारांच्या आत हा घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

पहिली चूक माझीच. दुपारी कापलेलं, अजून ऊब असलेलं वीसेक किलो मटण पिशव्यांत भरून एकावर एक रचलं. सकाळी मधल्या पिशव्या मऊच, आणि झाकण उघडताच वास. दोन पिशव्या टाकाव्या लागल्या, कुर्बानीचं मटण टाकताना हात थरथरला. दुसऱ्या दिवशीच्या बकऱ्याचं मटण आधी परातीत पसरून पंख्याखाली निववलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करून थोड्या थोड्या आत घातल्या. सगळ्या दगडासारख्या गोठल्या. कलेजी आणि वजडी मात्र ठेवायच्या भानगडीत पडू नका, त्याच दिवशी चुलीवर चढवा.

वाटपाला याचा खरा उपयोग झाला. आम्ही कोकणी शाफई, म्हणजे सुन्नींच्या चार मजहबांपैकी (धर्मनियमांच्या परंपरांपैकी) शाफई मानणारे. आमच्यात थोडं तरी कच्चं मटण गरिबाच्या हातात पडायलाच हवं, शिजवून जेवण घातलं तर ते भागत नाही. पूर्वी पावसात, अंधार पडायच्या आत, घरोघर धावपळ व्हायची. कुणाच्या दाराला कुलूप दिसलं की तो हिस्सा दुसऱ्याला जायचा. यंदा असे सहा हिस्से थांबवून ठेवले आणि ज्याचे त्याला पोचवले. माझी आजी अशा वेळी मीठ-हळद लावून मटण दोरीला ओवायची आणि चुलीच्या धुरावर सुकवायची. त्या सुक्याची चव कुठल्याच फ्रीझरला येणार नाही, पण गॅसच्या शेगडीवर धूर कुठून आणू?

जून म्हणजे कोकणात वीज जाणारच. एकदा अकरा तास गेली. झाकण उघडलं नाही, आतलं सगळं कडक राहिलं. याला पैकीच्या पैकी गुण.

आता तक्रारी. थंडी कमीजास्त करायच्या बटणावर आकडे १ ते ७, अंश कुठेच नाहीत. उणे १८ झालं की नाही ते बघायला मी वेगळा थर्मामीटर आणला. आत दिवा नाही. टोपली एकच, त्यामुळे तळातली पिशवी काढायला अर्धं अंग आत घालावं लागतं. पाणी काढायचं बूच पहिल्या महिन्यातच गळायला लागलं, मेकॅनिक तीन फोननंतर आला.

दोन बकऱ्यांपर्यंत हा पुरतो. यापेक्षा मोठा घेऊ नका, घेतलात तर हिस्से वाटायच्या आधी तो भरायचीच घाई होते.

मुंब्र्याची नणंद दीड महिन्याने आली. पिशव्यांवरची नावं ओलाव्याने पुसली होती, पण तिची पिशवी लगेच सापडली. तिच्याच हिश्शात नल्ली होती.